जमिनीच्या वरचं थाई : जैन पाहुण्यांसाठी परतलेल्या भाज्या

प्रश्न असा आला आहे : "लेकीच्या सासरची माणसं जैन आहेत. संक्रांतीनंतरच्या रविवारी पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येताहेत. जावईबापूंना थाई आवडतं, म्हणून परतलेल्या भाज्या आणि भात करायचं ठरवलंय. पण कांदा, लसूण, आलं, मशरूम यातलं काहीच चालत नाही. मग चव आणायची कुठून? एकदा करून पाहिलं, तर नुसत्या सोया सॉसमुळे ते गाडीवरचं चायनीज लागलं."

ताई, शेवटचं वाक्य वाचून हसू आलं, कारण माझंही पहिल्या दोन-तीन वर्षांत हेच व्हायचं. पुण्यात घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला लागून आता बावीस वर्षं झाली आणि त्यातली निम्मी घरं जैन आहेत. सुरुवातीला मी पुस्तकातली थाई कृती समोर ठेवायचे आणि चालत नाही त्या एकेका जिनसावर काट मारत जायचे. लसूण काट, आलं काट, फिश सॉस काट. शेवटी कढईत उरायच्या वाफवलेल्या भाज्या आणि सोया सॉस. मग चव कमी पडते म्हणून अजून सोया, अजून कॉर्नफ्लॉवर, वरून बाटलीतला चिली सॉस. झालं चायनीज. बरं, त्या चिली सॉसमध्येही बहुतेक वेळा लसूण असतोच.

वजाबाकी करायचीच नाही. थाई स्वयंपाकात जमिनीच्या वर काय काय उगवतं ते आधी पाहायचं आणि तिथूनच सुरुवात करायची. ते इतकं आहे की काही काढून टाकल्यासारखं वाटतच नाही.

पण त्याआधी एक फोन करा, तोही लेकीला नाही, थेट विहीणबाईंना. "जैन" या एका शब्दात घरागणिक फरक असतो. मुंबईचे गुजराती, इथले मारवाडी आणि कोल्हापूर-सांगलीकडचे आपले मराठी बोलणारे जैन, तिघांच्या स्वयंपाकघरांतल्या रीती वेगळ्या. कंदमुळं नाहीत, म्हणजे कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, ओलं आलं, ओली हळद नाही, हे जवळपास सगळीकडे. सुंठ आणि वाळलेली हळद बऱ्याच घरांत चालते. वांगं बहुबीज म्हणून नको. फ्लॉवर-ब्रोकोली आत अळ्या असतात म्हणून अनेकांना नको, कोबीबद्दल दोन मतं. मशरूम नाहीच, मधही नाही. मोड आलेली कडधान्यं पुष्कळ घरांत वर्ज्य, त्यामुळे पॅड थाई या परतलेल्या नूडल्सवर घालतात ते मुगाचे लांब मोड विसरा.

विहीणबाईंना विशेष करून तीन गोष्टी विचारा. त्या दिवशी तिथी आहे का? आठम, चौदस आणि बऱ्याच घरांत बीज, पाचम, अगियारसलाही हिरवी भाजी खात नाहीत. तिथी निघाली तर हा पदार्थ त्या दिवशी करू नका, तारीख बदला किंवा कडधान्याचं काहीतरी करा. ओढूनताणून काजू-पनीरचं थाई करण्यात मजा नाही. दुसरं, सोया सॉस चालतो का? तो आंबवलेला असतो, कडक पाळणाऱ्यांना आंबवलेलं आणि बाटलीत महिनोन्महिने राहिलेलं नको असतं. तिसरं, चौविहार आहे का? असेल तर सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. जानेवारीच्या मध्यात पुण्यात सूर्य सव्वासहाच्या पुढेमागे मावळतो आणि काही घरांत त्याच्याही दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, आधी हात धुतात. म्हणजे पानं साडेचार-पावणेपाचला मांडायची. तुमची "रात्रीच्या जेवणाची" कल्पना असेल तर ती आत्ताच सोडा. दुपारचं जेवण ठेवलंत तर सगळ्यांनाच सोपं.

हे विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण विचारलेलं कुणाला खटकत नाही, न विचारता केलेलं खटकतं. माझीच गोष्ट सांगते. एका घरी साठीशांतीचं जेवण होतं. मी बाटलीवरचा हिरवा ठिपका आणि "व्हेज ऑयस्टर सॉस" ही अक्षरं पाहून तो सॉस भाजीत घातला. शिंपल्यांऐवजी तो मशरूमचा केलेला असतो हे माझ्या डोक्यात आलंच नाही. वाढप सुरू होण्याआधी घरातल्या आजी स्वयंपाकघरात आल्या, वास घेतला, बाटली मागितली आणि चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. एक शब्द बोलल्या नाहीत. भाजीचं पातेलं उचलून त्यांनी स्वतः बाजूला ठेवलं. त्या दिवसापासून हिरव्या ठिपक्यावर माझा विश्वास संपला. तो ठिपका शाकाहारी एवढंच सांगतो. कांद्याची पूड, लसणाची पूड, मशरूमचा अर्क हे सगळं त्याच ठिपक्याखाली बसतं. तयार थाई करी पेस्ट तर घ्यायचीच नाही. तिच्यात लसूण, छोटे कांदे आणि गलांगल हा आल्यासारखा कंद असतोच, शिवाय थायलंडहून आलेल्या पुष्कळ पेस्टमध्ये कोळंबीची आंबवलेली चटणीही असते.

आता चवीकडे. थाई मसाल्याच्या मुळाशी तीन जिनसा असतात. त्यांना तिकडे "तीन सोबती" म्हणतात : लसूण, कोथिंबिरीचं मूळ आणि मिरी. खलबत्त्यात एकत्र कुटले की निम्म्या थाई पदार्थांची सुरुवात झाली. आपल्यासाठी यातले दोन सोबती जमिनीखालचे. लसूण गेला, कोथिंबिरीचं मूळ गेलं. तिसरा मात्र वेलीवर, झाडाच्या अंगाखांद्यावर वाढतो. म्हणून माझं जैन थाई मिरीवर उभं असतं, मिरचीवर नाही.

आणि यात थाई स्वयंपाकाशी कुठे बेइमानी होत नाही. मिरची तिकडची नव्हेच, आपलीही नव्हे. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली. १५१० साली त्यांनी गोवा घेतला, १५११ साली मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा वकील सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, अयुथया दरबारी पोचला. त्याआधी तिखटपणाचं काम मिरीकडे होतं. थाई भाषेत मिरचीला "प्रिक" म्हणतात आणि मिरीला "प्रिक थाई", म्हणजे आपली, इथली प्रिक. नंतर आलेल्या मिरचीने नाव बळकावलं आणि मूळ मालकिणीला ओळख सांगायला पुढे "थाई" जोडावं लागलं. ओल्या हिरव्या मिरीचे घोस तसेच परतणीत टाकण्याची पद्धत तिकडे आजही आहे. हिवाळ्यात कोकणातून कुणी येणार असेल तर ओल्या मिरीचे आठ-दहा घोस मागवा. दाताखाली आले की आधी लिंबासारखा, मग झणझणीत, मग गार असा एक प्रवास होतो. नाही मिळाले तर काळी मिरी तासभर कोमट पाण्यात भिजवून भरड ठेचा. पूड नको.

गलांगल हे आल्याच्या जातीचं, जमिनीखालचं, म्हणून तेही गेलं. त्याच्या जागी पुष्कळजण सुंठ घालतात. मी घालत नाही. सुंठ घातली की भाजीला काढ्याचा नाहीतर चहाचा वास येतो. गलांगलमध्ये जी आंबूस, सुगंधी तरतरी असते ती मला गवती चहा, लिंबाची साल आणि मिरी या तिघांतून जास्त चांगली मिळाली. गवती चहा म्हणजेच लेमनग्रास. दुकानात ते नाव सांगून चार कांड्यांचे शंभर रुपये देऊ नका, कुणाच्या तरी परसात किंवा गच्चीवर कुंडी असतेच. फरक इतकाच की आपण चहासाठी वरची पात कापतो आणि थाई स्वयंपाकी खालचा पांढरट जाड दांडा वापरतात. तो दांडाही मूळ नाही, पानांचे देठ एकात एक गुंडाळून झालेला असतो. तरी काही जैन बायकांना त्याची शंका येते. मग जमिनीपासून दोन बोटं वरून कापा, किंवा नुसती पात वापरा. पात धाग्याधाग्यांची असते, चावत नाही. तिची गाठ मारून तेलात टाकायची आणि नंतर काढून घ्यायची.

माक्रुत लिंबाची पानं, ज्यांना बाजारात काफिर लाइम म्हणतात, आता मोठ्या भाजीबाजारात मिळतात. मिळाली तर मधली शीर काढून केसासारखी बारीक चिरा. नाहीतर आपल्या कागदी लिंबाच्या झाडाची कोवळी पानं आणि हिरव्या लिंबाची किसलेली साल घ्या. साल किसताना पांढरा भाग येऊ देऊ नका, कडू होतं.

पानांमध्ये थाई बेझिल हवी असते. इथे एक गंमत. आपण फालुद्यात घालतो तो सब्जा ज्या झाडाचा, ते झाड आणि थाई बेझिल एकाच जातीची. कुंडीत सब्जाचं रोप असेल तर बडीशेपेची हलकी छटा असलेली ती पानं मुठीने खुडा. थायलंडमधला दुसरा लाडका पाला म्हणजे "क्रपाओ". ती आपली तुळस. तिकडे ती भरभरून कढईत जाते. मी एकदा घातली होती. चव उत्तम आली, पण माझ्या सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं. तुम्ही घालू नका, पहिल्याच भेटीत विहीणबाईंसमोर तुळस तळायची गरज नाही.

हिंगाबद्दल बोलायलाच हवं. लसणाची उणीव भरून काढायला हिंगासारखं काही नाही, कारण दोन्हींच्या वासामागे गंधकाचीच संयुगं आहेत. पण थाई पदार्थात तो कळता कामा नये. चार माणसांच्या भाजीला दोन चिमट्या, गरम तेलात, तीन-चार सेकंद. आमटीचा वास आला की समजायचं जास्त झाला. मौज म्हणजे चिनी बौद्धांच्या वर्ज्य पाच उग्र वनस्पतींच्या जुन्या यादीत कांद्या-लसणाबरोबर हिंगही आहे! आपण ज्याला पर्याय मानतो तो तिथे खुद्द आरोपींच्या रांगेत.

ही यादी थाई स्वयंपाकाच्या बाहेरची नाही. थायलंडमध्ये चिनी वंशाच्या लोकांचा "जे" आहार आहे. मांस-मासे नाहीत, फिश सॉस नाही, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, नऊ दिवस तो पाळतात. फुकेतचा उत्सव सगळ्यांत गाजलेला, आपल्या नवरात्राच्याच आसपास येतो. पिवळी पताका आणि तीवर लाल अक्षर दिसलं की तिथे "जे" जेवण मिळतं. म्हणजे कांद्या-लसणाशिवाय थाई रांधणारे खुद्द थायलंडात लाखोंनी आहेत, आपण काही अडाणी प्रयोग करत नाही आहोत. तुमची लेक-जावई बँकॉकला गेले तर हा शब्द उपयोगी पडेल. मात्र त्यांना सांगून ठेवा की "जे" म्हणजे जैन नव्हे. मशरूम, मुळा, गाजर, बटाटा तिथे सर्रास असतो.

आता खारट आणि खोल चव, जी मूळ पदार्थात फिश सॉस देतो. सोया चालत असेल तर पातळ, फिक्या रंगाचा घ्या. काळा दाट घेतला तर रंग आणि चव दोन्ही चायनीजकडे झुकतात. घटकांत व्हिनेगर नसलेला मिळाला तर उत्तम. सोया चालत नसेल तर घाबरू नका, मला तर ती भाजी जास्त आवडते. एक मोठा लाल टोमॅटो किसून कोरड्या कढईत घट्ट, जवळजवळ खरपूस होईपर्यंत आटवायचा. त्यात भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट दोन मोठे चमचे, पाऊण लहान चमचा मीठ आणि अगदी चिमूटभर काळं मीठ. काळ्या मिठाचा तो किंचित उग्र वास इथे कामाला येतो. दाणे जमिनीखाली लागतात म्हणून कुणी विचारेल, पण ते मूळ नाही, फळ आहे. बहुतेक जैन घरांत दाणे चालतात.

गोडव्यासाठी तिकडे ताडाचा किंवा माडाचा गूळ असतो. गोव्याहून कुणी माडाचा काळा गूळ आणून दिला असेल तर तोच वापरा, त्याला धुरकट चव असते. नाहीतर आपला साधा पिवळा गूळ. आंबटासाठी चिंच. व्हिनेगर नको, ते आंबवलेलं.

चार-पाच माणसांसाठी प्रमाण असं. फरसबी दीडशे ग्रॅम, बेबी कॉर्न दीडशे ग्रॅम, लाल-पिवळी ढोबळी मिळून दोनशे, झुकिनी दीडशे, अननसाच्या फोडी शंभर, पनीर दोनशे आणि काजू पन्नास ग्रॅम. झुकिनी आवडत नसेल तर कोवळी दोडकी. दुधी नको, पाणी फार सोडतो. टोफू चालत असेल तर पनीरऐवजी तो, थाईपणाला तोच जवळचा, पण बाहेरचं पॅकबंद पुष्कळांना नको असतं. पनीर तुम्ही सकाळी घरी करू शकता. पनीर थाई नाही हे मला कबूल आहे. काजूवर मात्र कुणी बोट ठेवू शकणार नाही. काजू घालून केलेली परतणी तिकडची नेहमीची. काजूला थाई भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ "हिमवंताचा आंबा". फळ ब्राझीलचं, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलेलं आणि नाव आपल्या पुराणातल्या हिमवंताचं!

डबाबंद वॉटर चेस्टनटला फसू नका. आपला शिंगाडा पाण्यावर लागणारं फळ आहे, पण डब्यातला चिनी वॉटर चेस्टनट हा चिखलात वाढणारा कंद आहे. नाव एक, कुळ वेगळं. बांबूचे कोंब आणि कमळकाकडीही नकोत. कुरकुरीतपणा हवा असेल तर ताजे शिंगाडे सोलून घाला, किंवा कच्चं केळं पातळ कापून आधी तळून घ्या. जैन पावभाजीत बटाट्याची गादी कच्च्या केळ्यानेच चालवली आहे, इथेही ते निभावतं.

वाटण त्याच दिवशी करायचं. आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवण्याची आपली सवय इथे चालत नाही, रात्र उलटलेलं ओलं वाटण त्यांच्यासाठी वासी, म्हणजे शिळं. खलबत्त्यात अर्धा लहान चमचा मिरी आणि एक लहान चमचा भाजलेले धने आधी कुटा. मग बिया काढून भिजवलेल्या चार ब्याडगी मिरच्या, थोडं मीठ, कोथिंबिरीचे बारीक चिरलेले देठ दोन मोठे चमचे, गवती चहाचा कोवळा भाग अगदी बारीक कापून एक मोठा चमचा, एका लिंबाची साल. देठ महत्त्वाचे. मुळाचा जो मातकट, गोडसर वास थाई लोकांना हवा असतो त्याचा बराच अंश देठात असतो, पानांत नाही. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटू नका. पाणी घातलं की वाटण तेलात परतलं जात नाही, शिजतं. मग सगळ्याची चटणी होते.

रस वेगळा एका वाटीत : चिंचेचा दाट कोळ दोन मोठे चमचे, किसलेला गूळ दीड मोठा चमचा, सोया दोन मोठे चमचे, पाणी तीन मोठे चमचे. गूळ पूर्ण विरघळू द्या आणि चाखा. नुसता चाखताना तो जरा जास्तच तीव्र लागायला हवा, भाज्यांवर गेल्यावर बरोबर होतो. सोया नसेल तर वर सांगितलेलं टोमॅटो-दाण्याचं मिश्रण आणि पाणी दोन चमचे वाढवा.

आता खरी परीक्षा, आच. "पॅड थाई" मधलं "पॅड" म्हणजेच परतणं आणि ही कला थायलंडात चिनी स्थलांतरितांबरोबर, त्यांच्या कढईबरोबर आली. त्यांच्या शेगडीची ज्वाळा आपल्या घरच्या गॅसच्या कैक पट असते. आपण किलोभर भाजी एकदम घातली की कढई गार पडते, भाजीला पाणी सुटतं आणि पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. खमंगपणा यायला साधारण एकशे चाळीसच्या वर जावं लागतं. म्हणून तुमची भाजी उकडल्यासारखी लागली असणार. लोखंडी कढई घ्या, ती आधी रिकामीच धूर निघेपर्यंत तापवा आणि भाज्या दोन-तीन घाण्यांत परता. एका वेळी थोड्याच. झाकण ठेवायचं नाही. मीठ सुरुवातीला घालायचं नाही. आणि भाज्या सकाळीच धुऊन, फडक्यावर पसरून खडखडीत कोरड्या केलेल्या असाव्यात. एवढी एक गोष्ट पाळलीत तरी तुमची भाजी बदलेल.

बरं, कढई कुठली तेही पाहा. तुमच्याकडे अंडी-मासे होत असतील तर त्यासाठी न वापरलेली घ्या, आणि तसं विहीणबाईंना सहज बोलता बोलता सांगा. सुरी-पाटही वेगळा.

क्रम असा ठेवा. एक मोठा चमचा शेंगदाण्याच्या तेलात मंद आचेवर काजू फिके सोनेरी करून बाजूला काढा, नंतरही ते रंगत राहतात. त्याच तेलात पनीरचे तुकडे एका बाजूने खरपूस, सारखं हलवायचं नाही. काढून घ्या. आच मोठी. फरसबी आणि बेबी कॉर्न तिरके कापलेले, अडीच-तीन मिनिटं, ठिपके पडेपर्यंत. काढा. मग ढोबळी आणि झुकिनी दीड मिनिट. काढा. आता एक मोठा चमचा तेल, आच मध्यम, दोन-तीन सुक्या मिरच्यांचे तुकडे, हिंग, लगेच वाटण. अर्धा-पाऊण मिनिटात तेल रंगेल आणि स्वयंपाकघरातला वास बदलेल. इथे घाई करू नका आणि करपूही देऊ नका. ओली मिरी आणि लिंबाची पानं टाका, आच पुन्हा मोठी करा, सगळ्या भाज्या, पनीर, अननस एकदम परत घाला आणि रस कढईच्या कडेने ओता, मधोमध नाही. कडेचं लोखंड तापलेलं असतं, गूळ तिथे क्षणात खमंग होतो. मिनिटभर उलथापालथ. गॅस बंद. मग सब्जाची पानं आणि काजू. पानं गॅस बंद केल्यावरच, नाहीतर काळी पडतात आणि वास उडून जातो.

कॉर्नफ्लॉवर घालू नका. रस भाजीला चिकटून तुकतुकीत दिसला पाहिजे, ताटात पाझरता कामा नये. लकाकी अगदीच कमी वाटली तर अर्धा लहान चमचा पाण्यात कालवून, त्याहून जास्त नाही.

भाताला जास्मिन तांदूळ मिळाला तर ठीक, पण मी आंबेमोहोर करते. दोन्हींचा सुगंध मुळात एकाच द्रव्याचा, आणि आंबेमोहोर किंचित चिकट होतो तोही थाई भाताला जवळचा. बाजूला कच्च्या पपईचा कीस, लिंबू, गूळ, दाणे, मिरची आणि थोडी ठेचलेली फरसबी, एवढं खलबत्त्यात हलक्या हाताने चेचून ठेवा. थायलंडच्या ईशान्येकडची ती नेहमीची कोशिंबीर, लसूण आणि फिश सॉस नसला तरी ती अडत नाही. तिसरा पदार्थ नको. संक्रांतीचा तिळगूळ असेलच.

सगळं चिरून, कुटून, वाट्यांत मांडून ठेवा आणि प्रत्यक्ष परतणं पाहुणे हात धुवायला उठल्यावर करा, एकूण दहा-बारा मिनिटांचं काम आहे. आधी करून ठेवून पुन्हा गरम केलं तर ढोबळी मऊ पडते. पिण्याचं पाणी उकळून गार केलेलं लागेल का, तेही त्याच फोनमध्ये विचारा, ऐनवेळी उकळायला बसायला नको.

भाजी उरली तर विहीणबाईंना डब्यात भरून देण्याचा आग्रह करू नका, रात्र उलटल्यावर ती त्यांना चालायची नाही. ती आपण खायची. माझ्याकडे उरली तर दुसऱ्या दिवशी मी तीत चार पाकळ्या लसूण ठेचून घालते आणि भातावर घेते. खरं सांगू, पहिल्या दिवशीचीच जास्त चांगली लागते.